कानातल्या मशीनची सुकवणी: साधी बरणी बरी की बीप वाजवणारी पेटी?

जून ते ऑक्टोबर, अख्खा पावसाळा वापरून मग लिहायला बसलेय, त्यामुळे थोडं लांबणार. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. कानातलं मशीन, म्हणजे ऐकायचं यंत्र, सुकवायची साधी बरणी, ३८० रुपयांची, डोळे मिटून घ्या. विजेवर चालणारी पेटी, २,६५० रुपयांची, पैसे हाताशी असतील तर घ्या. पण पेटी आली म्हणून बरणी माळ्यावर टाकू नका.

आता मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका बरणीवर ही बाई एवढं पुराण का लावतेय असं वाटेल. गोव्यात डिचोलीला एका पाळणाघरात मी काम करते. सतरा मुलं आहेत, बऱ्याच जणांच्या आया औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. सतरापैकी तिघांच्या कानाला मशीन आहे. नावं लिहायची नाहीत असं त्यांच्या आयांना कबूल केलंय, म्हणून इथे थोरली, मधला आणि धाकटा. थोरली साडेपाचची, मधला चारचा, धाकट्याला तीन व्हायचीत. आणि चौथी मशीनवाली मी, वय ४६. लहानपणी लांबलेल्या आजारपणात जी इंजेक्शनं टोचली त्यांनी आजार बरा केला आणि जाताना कान घेऊन गेली. अशा औषधांनी आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. माझेही तेच गेले: पाखरं, पैंजण, बोलण्यातला ‘स’. दोन्ही कानांत ६५ डेसिबलचा तोटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारी, ७० गाठले की बधिर. म्हणजे पाच गुणांनी माझा वर्ग हुकलाय, असं मी गमतीने म्हणते. कुणी हसत नाही.

इथे लागण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी काम मागायला गेले होते. तिथल्या बाईंनी चहा दिला, कागद पाहिले आणि विचारलं, ‘‘मूल रडलं तर तुला कळणार कसं?’’ प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत, एवढंच. तर उत्तर असं: रडायच्या आधी मुलाची हनुवटी थरथरते, खालचा ओठ पुढे येतो, तोंड चौकोनी होतं, आणि मग आवाज. आवाजाचा नंबर शेवटचा. मी मुलांकडे पाठ करून बसतच नाही. लंगोट बदलायच्या जागी भिंतीला आरसा लावून घेतलाय, त्यात अख्खी खोली दिसते. ज्यांना चांगलं ऐकू येतं त्या आवाज येईपर्यंत निवांत मोबाइल बघत बसलेल्या मी पाहिल्यात. असो.

मुद्दा दमट हवेचा. गोव्यात वर्षाकाठी तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात. मग कानामागे, नेमकं घाम उतरायच्या वाटेवर बसलेल्या मशीनचं काय होत असेल? खोक्यावर आयपी ६८ छापलेलं असतं. त्यातल्या ६ चा अर्थ धूळ आत शिरत नाही आणि ८ चा अर्थ ठरावीक खोलीपर्यंत, ठरावीक वेळ पाण्यात बुडलं तरी चालतं. पण ही परीक्षा नव्याकोऱ्या मशीनची, साध्या पाण्यात. दिवसभर उड्या मारणाऱ्या पोराचा खारट घाम आणि आईने चोपडलेलं खोबरेल तेल त्या परीक्षेला बसत नाही. शिवाय आतला सेल जस्त आणि हवेवर चालतो. त्याच्या पाठीवरचं चिकट कागदी शेपूट काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि वीज सुरू होते. सेलला हवा लागते म्हणून सेलचं दार हवाबंद करता येत नाही. आणि आमच्याकडे हवा येते ती पाणी घेऊनच येते.

बरणी मी म्हापशाला एका दुकानातून आणली. जाड पारदर्शक प्लास्टिक, फिरकीचं झाकण, झाकणात रबराचं कडं. आत तळाला जाळीची डबी, तिच्यात सिलिका जेलचे मणी, त्यावर स्पंजाची चकती, आणि चकतीवर मशीन ठेवायचं. एवढंच. बटण नाही, वायर नाही, सूचनांचं पुस्तक नाही. मणी कोरडे असताना नारिंगी, ओल शोषून भरले की हिरवट. दुकानात निळेही होते, ते भरले की गुलाबी होतात आणि फरक लांबूनही दिसतो. तरी मी नारिंगीच घेतले. निळ्या मण्यांत रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. मोठ्यांच्या घरात एक वेळ चालेल. सतरा पोरांच्या खोलीत मोत्यासारखे दिसणारे निळे मणी ठेवायचे म्हणजे कुणीतरी ते नाकात घालणार, हे पंचांगात लिहून ठेवावं.

वापरायची रीत साधी आहे, पण लोक हमखास चुकतात म्हणून सांगते. मशीन आधी कोरड्या सुती कापडाने पुसायचं. सेल काढून बाहेर ठेवायचा, कारण बरणीतल्या कोरड्या हवेत सेलही आतून सुकून लवकर मरतो. सेलचं दार उघडंच ठेवायचं, म्हणजे ओल निघायला वाट राहते. काढलेला सेल उंचावर, कुलपात. लहान मुलांच्या मशीनला सेलचं दार अवजाराशिवाय उघडणार नाही अशी सोय असते, ती जरूर मागून घ्या. गिळलेला सेल म्हणजे तडक दवाखाना. कानात बसणारा मोल्ड मशीनपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतो. मशीन नाही. हे मी तिन्ही आयांना तीनतीनदा सांगितलंय, तरी एकीने धुतलंच.

मणी किती दिवस टिकतात? खोक्यावर दोन महिने लिहिलंय. एप्रिलमध्ये माझे पाच आठवडे चालले. जुलैत पाचव्या दिवशी हिरवे. आम्ही दिवसातून चारदा झाकण उघडतो, चार जणांची मशीनं आत जातात, त्यामुळे दोष सगळा मण्यांचा नाही. तापवले की ते पुन्हा नारिंगी होतात. त्यासाठी ओव्हन वापरा असं खोक्यावर आहे. आमच्याकडे ओव्हन कुठला! स्वयंपाकातून बाद झालेली एक लोखंडी कढई ठेवलीय, तिच्यात मंद आचेवर, खिडकी उघडून, हलवत राहायचं. रवा भाजायचा तसा, फक्त वास येत नाही. ती कढई परत जेवणाला वापरायची नाही म्हणून तिच्या कानाला लाल चिंधी बांधलीय.

एक खोट मात्र आहे. दोन महिन्यांत झाकणातलं रबराचं कडं सैल पडलं. झाकण घट्ट वाटायचं, पण मणी दोन दिवसांत हिरवे व्हायला लागले तेव्हा शंका आली. बाजारात कुकर दुरुस्त करणाऱ्याकडे बरणीच घेऊन गेले. त्याने डब्यातलं एक कडं काढून बसवलं, वीस रुपये. तेव्हापासून मूळच्यापेक्षा घट्ट बसतं, इतकं की धाकट्याच्या आजीला उघडत नाही. हा दोष की गुण ते तुम्ही ठरवा.

आता मधल्याची गोष्ट, जिच्यामुळे बरणीवर माझा जीव जडला.

आमच्याकडे सकाळी मशीनं तपासायचा एक नेम आहे. माझ्या सहकारी ताई, ज्यांचे कान शाबूत आहेत, त्या डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी मशीनला लावून आवाज स्वच्छ येतोय का ते ऐकतात. मग तोंडापुढे कागद धरून सहा आवाज काढतात: आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतची मोजणी त्यात होते. आवाज ऐकला की मुलाने खांबात एक रिंग टाकायची. आवाज ताईंचे, डोळे माझे. मूल खरंच ऐकून रिंग टाकतंय की ताईंचे खांदे हलले म्हणून टाकतंय, ते मला बरोबर कळतं. मी स्वतः शाळेत तशीच पास झालेय.

तर जुलैतल्या त्या दिवशी सकाळी मधला सहाच्या सहा आवाजांना पास. दुपारभर पाऊस. चारच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा भोंगा पों पों करत. तो भोंगा मलाही ऐकू येतो आणि तिघांनाही. रोज भोंगा वाजला की मधला सगळ्यांत आधी दाराकडे पळतो, कारण उंड्यातला मऊ गर त्याचा असतो, हे त्याने स्वतःच ठरवलंय. त्या दिवशी भोंगा वाजला, ‘‘पोदेर आयलो!’’ म्हणून बाकीची पोरं उठली, आणि हा ठोकळे रचत बसला. पाठमोरा. मी त्याच्या समोर जाऊन बसले. त्याने माझ्याकडे बघून कानाला हात लावला आणि तळहात उलटा केला: नाही.

सेल तपासणीच्या काट्यावर ठीक. मोल्ड सोडवला, उजेडाकडे धरला. पारदर्शक नळीत, जिथे ती वळते तिथे, पाण्याचा एकच थेंब बसला होता. अळवाच्या पानावर बसतो तसा, गोल. आवाज त्या थेंबापलीकडे जातच नव्हता. रबराच्या फुग्याने फुंकर मारून थेंब काढला. तरी मशीन मुकंच. म्हणजे ओल आत, माइकपर्यंत गेलेली. सेल काढला, दार उघडं ठेवून मशीन बरणीत टाकलं आणि त्याच्या आईला चिठ्ठी दिली. आई बिचारी घाबरली, ‘‘कितें जालें गो बाई?’’ मी म्हटलं, उद्या सकाळी बघू. सकाळी नळी लावली आणि ताईंनी अंगठा वर केला.

नसतं झालं तर? दुरुस्तीला मशीन गेलं की दोन आठवडे तरी मोजायचे, मध्ये चतुर्थी आली तर जास्त. चार वर्षांच्या मुलाचे दोन आठवडे म्हणजे किती शब्द, ते ज्याचं त्याने मोजावं. बाळ एक महिन्याचं होईपर्यंत कानांची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत मशीन किंवा उपचार सुरू, असा डॉक्टर लोकांचा १-३-६ चा हिशेब आहे. मधल्याचं निदान झालं तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याच्या खात्यात आधीच उधारी आहे.

जाता जाता तांदळाचं सांगते. मोबाइल भिजला की तांदळात घालतात, तसं धाकट्याच्या आजीने मशीन उकड्या तांदळाच्या डब्यात पुरलं होतं. तांदळाचा भुसा माइकच्या भोकात जाऊन बसला, तो मी ब्रशने अर्धा तास काढत होते. त्याआधी मेमध्ये तिने सोलं वाळत घातलेल्या सुपात मशीनही ठेवलं होतं, कडक उन्हात. मोल्डला आमसुलाचा डाग अजून आहे. आजीचा हेतू सोन्यासारखा. पण तांदूळ नको, ऊन नको, केस सुकवायचं यंत्रही नको.

आता पेटी. आमच्या मालकीणबाईंनी ऑगस्टमध्ये मागवली. पांढरी, पावाच्या लादीएवढी. आत बारीक पंखा, कोमट हवा, आणि जंतू मारायचा निळा दिवा, जो झाकण उघडलं की आपोआप विझतो. पाऊण तासात मशीन कोरडं ठणठणीत. बरणीला ज्याला रात्र लागते ते ही दुपारच्या झोपेत उरकते, हे खरंच कौतुकाचं. मणी भाजायची कटकटही नाही. पण दोनच जोड्या मावतात. आणि वीज गेली की काम थांबतं, परत आली तरी आपणहून सुरू होत नाही, पुन्हा बटण दाबावं लागतं. पावसाळ्यात रात्री डिचोलीत वीज कितीदा जाते ते डिचोलीकरांना विचारा. माझी स्वतःची मशीनं एकदा रात्रभर आत होती, सकाळी जशीच्या तशी दमट. पेटीला सुरू होताच झोप लागली होती म्हणायची.

याहून मोठी गंमत पुढे. काम झालं की पेटी बीप वाजवते. तीनदा, बारीक. हे मला ताईंनी सांगितलं. माझी मशीनं त्या वेळी पेटीच्या पोटात असतात! ज्यांचे कान आत सुकायला ठेवलेत त्यांनाच ती हाक मारतेय, आणि तीही नेमक्या त्या बारीक पट्टीत, जी आमच्यातल्या बहुतेकांची आधी जाते. दिवा आहे, पण तो मागच्या बाजूला, वायरीजवळ, तिळाएवढा. ज्याने ही पेटी आखली त्याने ती एकदा तरी एखाद्या बहिऱ्या माणसाच्या हातात दिली असेल का? मला नाही वाटत.

बारीक आवाजाची आमच्याकडे दुसरी तजवीज आहे, ती पोरं. मोल्ड सैल झाला की मशीन शिट्टी मारतं, आणि वाढत्या वयात कान वाढतो म्हणून मोल्ड दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. ती शिट्टी मला ऐकू येत नाही. ऐकू येणारी चौदा पोरं मात्र तरबेज झालीत. ‘‘बाई, शिट्टी!’’ म्हणून ओरडतात आणि कुणाच्या कानात ते बोटाने दाखवतात. आता पेटीचं बीपही तीच सांगतात. म्हणजे २,६५० च्या पेटीला एक साडेचार वर्षांचा मुलगा जोडून घ्यावा लागतो.

दुपारी एक ते तीन झोपेची वेळ. सुरुवातीला मला त्या वेळेची धास्ती होती. तिघांची मशीनं काढायची, लाल दोरा उजवी, निळा दोरा डावी, तीन स्टीलच्या वाट्यांत आपापली, मग बरणीत. घामाच्या दिवसांत माझीही त्यांच्याबरोबर. कानांची जबाबदारी त्या दोन तासांत ताईंकडे. पण थोरली झोपत नाही. ती अंधुक खोलीत डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायची आणि मी तिच्या समोर बसून. दोघींचे कान बरणीत. मग काय, हात सुरू झाले. पाणी, शू, भूक, पुरे एवढी चार चिन्हं आधी सगळ्याच पोरांना शिकवलेली होती. पुढची आम्ही शोधायला लागलो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे, २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा निघाला, २०२१ मध्ये दहा हजारांचा झाला, सगळे व्हिडिओ फुकट. रोज घरी एक शब्द बघून यायचं आणि दुपारी थोरलीला द्यायचा. पाऊस, बेडूक, आजी, उद्या. ‘उद्या’ कळलं त्या दिवशी तिने आईबद्दल, चतुर्थीबद्दल, पोदेराबद्दल, सगळ्याबद्दल उद्या, उद्या, उद्या केलं. घरात कोंकणी, शाळेत मराठी, मशीनच्या दुकानात इंग्रजी अशा तीन भाषांमध्ये ही पोर अडकलेली. हातांच्या भाषेत तिला कुणी ‘पुन्हा सांग’ म्हणत नाही.

काही जण म्हणतात की हातवारे शिकवले तर मूल बोलायचं नाही. माझ्यासमोर उलटंच घडलं, थोरलीच्या तोंडून शब्द वाढले. एका मुलीवरून मी सिद्धांत मांडत नाही, बरणीबद्दल लिहिताना तर नाहीच.

बाकीच्या पोरांनी यातून भलताच फायदा काढला. झोपेच्या वेळी बोलायचं नाही असा नियम. हात हलवायचे नाहीत असा नियम नाही. सप्टेंबरपर्यंत निम्मी खोली पांघरुणाखालून गप्पा मारायला लागली. ताईंना पत्ताच नाही, कारण त्या ऐकत बसतात. मला आरशात सगळं दिसतं. एकदा एक ऐकणारी पोरगी मधल्याला विचारत होती, उद्या पाव कुणाला? त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. मी काही बोलले नाही.

तर खरेदीचं. एकच मूल असेल, घरात वीज बेभरवशाची असेल, तर बरणी आणि मण्यांची एक जादा पुडी, ९० रुपये, पुरे. पाळणाघर, शाळा, किंवा घाम फार येणारं मूल असेल तर पेटीही घ्या, पण रात्रीसाठी बरणी ठेवाच. झाकणाचं कडं दुकानातच दाबून बघा. नारिंगी मणी मागा, दुकानदार निळे पुढे करतो.

बीपबद्दल मी पेटीवाल्या कंपनीला मेल केला. नीट, नम्रपणे लिहिलं: मी स्वतः कमी ऐकते, पेटीचा आवाज मला पोहोचत नाही, झाकणावर मोठा दिवा देता येईल का? दोन दिवसांत उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार, अधिक बोलण्यासाठी कृपया खालील क्रमांकावर फोन करा.